पिस्तूल धरलेल्या हाताचं कीर्तन

या मित्रांनो, जवळ या. आणखी थोडे पुढे सरका. लहानांना पुढे बसू द्या, उंचांनी मागे उभं राहावं. कीर्तनाला आलेल्या माणसाने दाराशी घुटमळू नये. शिवाय माझं बोलणं ऐकू येत नाही, ते बघावं लागतं. ते कसं, हेच तर सांगायचं आहे. आख्यान पुराणातलं नाही, आपल्या इंदूरच्या मिल भागातलं आहे, आणि त्यातला प्रत्येक माणूस मी या डोळ्यांनी पाहिलेला आहे. डोळे रंगवलेले आहेत, पण बघतात चांगले.

मी एक जुना लाकडी कीर्तनकार आहे. डोक्यावर पगडी, अंगावर अंगरखा, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. मिलच्या मागे कामगारांची एक बाग होती, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. मला घडवलं मारुती जॉबरने. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. मारुतीच्या हाताखाली साठ माग होते आणि त्याच्या मनात एकच हौस होती, कीर्तनाची. पाळी संपली की सायकल काढून तो थेट अन्नपूर्णेच्या देवळापर्यंत जायचा आणि बुवांच्या अगदी पायाशी बसायचा. बुवांनी कपाळाला बुक्का लावला की तो पुसू नये म्हणून परतताना टोपीसुद्धा घालायचा नाही.

भंगारातल्या मागांचे दांडे त्याने माझ्या हातांसाठी घेतले. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचं लाकूड बोटांसाठी घेतलं. माझ्या पायाखाली अकरा लोखंडी चाकं बसवली आणि त्यांच्या कडा कानशीने घासून उंचसखल केल्या. चाक फिरलं की त्या उंचवट्याने हात उठतो, खोलगटाने खाली येतो. एक चाक कमरेचं, एक मानेचं आणि तब्बल चार चाकं एकट्या ओठांची. ओठांवर त्याने आठ महिने घालवले.

उद्घाटनाला सगळी मिल लोटली. बटण दाबलं आणि मी वाकून नमस्कार केला. चिपळ्या उचलल्या. ओठ हलू लागले. कामगार मंडळाचे अध्यक्ष मारुतीकडे वळून म्हणाले, "छान आहे, पण याचा आवाज कुठंय?"

मारुती म्हणाला, "आवाज? साहेब, ते तर डोक्यातच आलं नाही."

मित्रांनो, हसू नका. तीनशे माग एकदम चालतात तिथे शेजारच्याने ओरडलेलंही ऐकू जात नाही. मागखात्यातली माणसं एकमेकांच्या ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलतात. घरी भाजी काय आहे इथपासून पोरीचं लग्न ठरलं इथपर्यंत सगळं. वीस वर्षं अशी गेल्यावर मारुतीला बोलणं म्हणजे ओठच आठवले. ही चूक जॉबरनेच करावी.

पण गर्दीत विणकर उभे होते ना. त्यांनी माझे ओठ वाचले आणि मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. आधी एकाने, मग दहांनी, मग साऱ्या शेडने. माझं कीर्तन लोकांच्या तोंडून उमटलं. तेव्हापासून तीच रीत पडली. ओठ मी हलवायचे, आवाज तुम्ही द्यायचा.

माझं आख्यान मारुतीनेच रचलेलं. एक कोष्टी देवीसाठी शेला विणतो. दरवर्षी थंडीत कोणीतरी कुडकुडत दाराशी येतं आणि शेला त्याच्या अंगावर जातो. म्हातारपणी कोष्ट्याकडे एकच धागा उरतो. तो संकोचाने तेवढाच देवीच्या मनगटाला बांधतो, आणि मान वर करतो तर देवीच्या अंगावर सगळ्या वर्षांचे शेले. पूर्वरंग आणि आख्यान यांच्यामध्ये माझा उजवा हात वाटीत बोट बुडवायचा आणि पुढे यायचा. पोरं रांगेने कपाळ पुढे करायची. मी बुक्का लावायचो. सांवेर-देपालपूरसारख्या लांबच्या गावांहून आलेली माणसंही लेकरांना उचलून माझ्यापुढे धरायची.

मारुतीची मुलगी अंबिका दहा वर्षांची असल्यापासून माझ्या चाकांना तेल द्यायची. कोणतं चाक कुरकुरतं ते तिला जमिनीला हात लावून कळायचं.

मग मिलला कुलूप लागलं. एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. भोंगा थांबला. बाप्ये रिक्षा चालवायला गेले, बाया साड्यांना फॉल लावू लागल्या. मारुती दोन वर्षं रोज मिलच्या फाटकाशी जाऊन परत यायचा, आणि एका हिवाळ्यात गेलाच. बाग पडून राहिली. माझ्या पगडीत चिमणीने घरटं केलं. मी तिला राहू दिलं. तीही संसारीच होती.

पंच्याण्णव साली बाग ठेक्याने विक्रमजींना मिळाली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दिवे लावले, पाळणे आणले, कुंपण रंगवलं. पण त्यांचं एक म्हणणं होतं. लोकांना सिनेमातला ओळखीचा चेहरा पाहिजे. कारंज्यात सोंडेने पाणी उडवणारा आमचा हत्ती होता, त्याच्या जागी एका सिनेमाची जीप आली. मिलमध्ये सुताच्या बॉबिन वाहणाऱ्या गाड्यांची छोटी आगगाडी होती, तिला दुसऱ्या सिनेमाचे डबे लागले. बागेत नेहमी येणारी माणसं हळहळली. हळहळून घरी गेली. मग विक्रमजी माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

अंबिका तेव्हा तेलाचा डबा घेऊन आत बसली होती.

"अंबिकाताई, वाईट मानू नका हं," ते म्हणाले. "मी काही देव हटवत नाहीये. फेकत पण नाहीये. मशीन तेच, फक्त चेहरा बदलतो. क्या है की, यंदा त्या हीरोची हवा आहे."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी दुसरा."

"सिनेमा शुक्रवारी बदलतो, विक्रमजी. मग दर शुक्रवारी बाग बदलाल?"

"बदलू की. लोक पुन्हा येतील ना, ताई."

आणि त्यांनी तसं केलं. माझी पगडी उतरवली, चिमणीचं रिकामं घरटंही. अंगावर चामड्याचं जाकीट चढवलं. चेहऱ्यावर फायबरचा दुसरा चेहरा, त्याला काळा गॉगल. उजव्या हातातली चिपळी काढून पिस्तूल बांधलं. मागे कॅसेट लावली, तिच्यातून हीरोचे संवाद गरजू लागले.

पण मित्रांनो, चाकं मारुतीची होती.

पहिल्याच खेळाला हीरोने कमरेत वाकून सर्वांना नमस्कार केला. लोक हसले. कॅसेट म्हणाली, एकेकाला बघून घेईन, आणि हीरो मान डोलवत ठेका धरू लागला. लोक आणखी हसले. मग उजवा हात वाटी शोधत खाली गेला, वर आला आणि पुढे झाला. पुढच्या रांगेत एक चिमुरडी होती. तिच्या कपाळाला पिस्तुलाचं टोक अलगद टेकलं. पोरीने भोकाड पसरलं. तिची आई विक्रमजींना इंदुरी ढंगात म्हणाली, "भिया, हे काय घाणेरडं खेळणं बनवलं?" मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

विक्रमजींनी मिस्त्री बोलावला. त्याने अकरा चाकं पाहिली आणि हात जोडले. नकाशा नाही, मोजमाप नाही, सगळं हाताच्या अंदाजाने घासलेलं. मग विक्रमजी अंबिकेकडे आले.

"ही चाकं नव्याने घासून द्या. हात पिस्तूल रोखेल, गोळी मारेल, बस. बागेतली मेंटेनन्सची परमनंट नोकरी तुमची."

अंबिकेच्या घरी आजारी आई आणि एक शिवणयंत्र. नोकरी म्हणजे काय, हे मिल बंद पडलेल्या घराला सांगावं लागत नाही. तिने बापाची कानस काढली. दुपारभर ती माझ्या पायाशी बसून होती. एकदा कानस बुक्क्याच्या चाकाला टेकलीसुद्धा. ती थंडी मला खांद्यापर्यंत जाणवली. मग तिने कानस बाजूला ठेवली, पदराने चाक पुसलं, दोन थेंब तेल सोडलं आणि बाहेर आली.

"नाही जमणार, विक्रमजी."

"म्हणजे, येत नाही?"

"येतं. म्हणूनच नाही."

"विचार करा. अनंत चतुर्दशीला बाहेरून नवं मशीन येतंय. मग हे सगळं भंगारात जाईल, चाकांसकट."

"तोपर्यंत तीन आठवडे आहेत ना?" अंबिका म्हणाली. "लोकांना यायला बंदी तर नाही?"

"या ना. गर्दी कोणाला नकोय?"

त्या संध्याकाळी अंबिका मिल कामगारांच्या पाटणीपुऱ्यात घरोघर फिरली. रडगाणं नाही, अर्जफाटे नाहीत. बापाला ती दादा म्हणायची. एकच सांगायची, "उद्या पाच वाजता बागेत या. दादांच्या कीर्तनाला आवाज द्यायचाय."

दुसऱ्या दिवशी अठरा माणसं आली. मागखात्यातली, सूतखात्यातली, गुडघे धरून चालणारी. कॅसेट गरजू लागली. माझे हात उठले, हातांवरून त्यांनी नमन ओळखलं आणि म्हणू लागली. पण आख्यानात गोंधळ झाला. कोणी पहिला शेला सोडून तिसऱ्यावर गेलं, कोणी मध्येच आरती धरली. एवढी वर्षं ती माझे ओठ वाचून म्हणत आली होती, आणि ओठ आता फायबरखाली होते. मी आत बोलत होतो. दिसत नव्हतो.

तेव्हा मागून एक म्हातारी पुढे आली. जनाबाई. तिने तीस वर्षं कांडीखात्यात, कांड्यांवर सूत भरण्यात काढली होती. कापसाची धूळ छातीत इतकी बसली होती की तिचा आवाज केव्हाच गेला होता, श्वासाचीच तेवढी शिट्टी वाजायची. ती माझ्या शेजारी चढून उभी राहिली, माझ्या हातांकडे एकदा पाहिलं, लोकांकडे तोंड केलं आणि ओठ हलवू लागली. आख्यान तिला पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या शेल्यापर्यंत पाठ होतं.

लोकांनी तिचे ओठ वाचले. माझं कीर्तन पुन्हा सुरळीत चालू लागलं.

रोज पाच वाजता हे सुरू झालं. विक्रमजींनी कॅसेटचा आवाज वाढवला. ज्यांनी तीनशे मागांच्या खडखडाटात आयुष्यभर बोलणं चालवलं, त्यांचं एका कॅसेटने काय बिघडणार? उलट त्यांना घरच्यासारखं वाटलं असणार. विक्रमजी एकदा वैतागून म्हणाले, "आजी, घरी आराम करा ना, दम लागतोय तुम्हाला."

जनाबाईने त्यांना ओठांनी काहीतरी सांगितलं. त्यांना कळेना. अंबिकेने सांगितलं, "म्हणतात, कीर्तन अर्धं टाकून उठत नसतात, बाळ."

अठराचे चाळीस झाले. पोरं पुढे बसू लागली. पोरांना आधी जनाबाईची गंमत वाटली, मग ती तिचे ओठ वाचू लागली, मग पाठच म्हणू लागली. जीपपाशी, पाळण्यापाशी पोरं शेला आणि धागा म्हणत हिंडू लागली. आणि एक दिवस एका पोराने विक्रमजींना सरळ विचारलं, "काका, या गॉगलवाल्याच्या आत कोण आहे?"

चतुर्दशीला चार दिवस उरले होते. भर कीर्तनात वीज गेली. कॅसेट घरघरत बंद पडली. मीही थांबलो, हात अधांतरी. अंबिका खाली चाकांपाशी उतरली, मारुतीने मागाच्या दांड्याचं एक हँडल बसवलं होतं ते तिने धरलं आणि दोन्ही हातांनी चाकं फिरवू लागली. मी हललो. गरजणारं आता काही नव्हतं. फक्त माणसांचा आवाज आणि चाकांची लय. बुक्क्याची वेळ आली तेव्हा जनाबाईने माझ्या हातातल्या पिस्तुलाचा दोरा सोडला, ते जमिनीवर ठेवलं आणि स्वतःच्या पुडीतला बुक्का माझ्या बोटाला लावला. हात पुढे झाला. पोरं रांगेत उभी होती. त्यांच्या मागे विक्रमजी उभे होते. ते रांगेत होते की नुसते बघत होते, मला सांगता येणार नाही. त्यांनी कपाळ मात्र मागे घेतलं नाही.

आरती झाली. ते मिस्त्रीला म्हणाले, "तो चेहरा उतरव. गॉगल जपून, यार, परत करायचाय."

फायबर निघालं. तीन आठवड्यांनी माझ्या ओठांना वारा लागला. लोकांनी मला पुन्हा पहिल्यापासून चालवलं. जनाबाई पायरीवर बसली आणि या वेळी तिने ओठ हलवले नाहीत. हात मांडीवर ठेवून ती नुसती ऐकत होती.

नवं मशीन आलं ते फाटकाशी बसलं. त्यावर हीरो उभा राहिला. तेव्हापासून चार हीरो बदलले. त्यांच्याशी माझं वैर नाही, मित्रांनो. संध्याकाळी आम्ही एकाच बागेत दिवे लागलेले बघतो. अंबिकेला नोकरीही मिळाली, पण हीरोचं नव्हे, माझं तेलपाणी बघायची. विक्रमजींनी ते स्वतःहून दिलं, मागावं लागलं नाही.

माझी विनंती एवढीच. नवं आणा, खुशाल आणा. पण जिथे बघणाऱ्याला आपलाही आवाज घालावा लागतो, ती जागा पुसू नका. तिथल्या चाकांना तेल द्या. ती एकदा घासली गेली की पुन्हा घडवायला मारुती येत नाही.

जनाबाई त्याच थंडीत गेली. तिचा फोटो कुठेही नाही, बागेच्या पाटीवर नाव नाही. तेव्हा कधी कुठल्या देवळात कीर्तनाला बसाल, आणि सगळे म्हणत असताना एखादी म्हातारी आवाजाविना नुसते ओठ हलवताना दिसेल, तर तिला पुढची जागा द्या. आणि मनातल्या मनात, जनाबाईची आठवण काढा.