दुर्गाबाईंची लपवलेली शुगर

१९९४ सालची गोष्ट. फ्रीगंज मोहल्ल्यात श्रीनाथरावांच्या घरी त्या रविवारी मुक्ताला बघायला देवासचे भय्यासाहेब सहकुटुंब आले होते. मुक्ताच्या आईला, दुर्गाबाईंना, नऊ वर्षांपासून मधुमेह होता आणि घरच्या तिघांखेरीज हे कोणालाही ठाऊक नव्हतं. आईला शुगर म्हणजे मुलीलाही होणार, मग तिला करून कोण घेणार, असा आपल्या शहाण्या समाजाचा न्याय! म्हणून दुर्गाबाई गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवत, पाहुणे असले की घेतच नसत आणि हळदीकुंकवाला चारचौघींच्या देखत मुद्दाम दोन पेढे खात.

आजही भय्यासाहेबांच्या पत्नी कुसुमताईंनी आग्रह केला, तशी दुर्गाबाईंनी खव्याची, पाकात मुरलेली अख्खी मावाबाटी खाल्ली. मग चहा आणायला आत गेल्या आणि ओटा धरून उभ्या राहिल्या. पदर घामानं भिजला होता, श्वास पुरत नव्हता.

"छातीत दुखतंय का?" मुक्तानं विचारलं.

"नाही गं. जबडा जरा ओढल्यासारखा वाटतोय. गॅस झाली असेल. तू चहा ने."

श्रीनाथराव आत आले. "मेहमान जाऊ देत, मग दाखवू. अर्ध्या तासाचा तर सवाल आहे."

"बाबा, तिचे हात गार पडलेत."

"आत्ता ऑटो बोलावली तर त्यांना काय सांगायचं? अच्छा-खासा रिश्ता आहे, मुक्ता."

मुक्ता बाहेरच्या खोलीत गेली. "काकू, माफ करा. आईला नऊ वर्षांपासून शुगर आहे, आम्ही ती लपवली. तिला आत्ता दवाखान्यात न्यायचंय."

भय्यासाहेबांनी बशी खाली ठेवली आणि बायकोकडे पाहिलं. मुक्ता ऑटो आणायला धावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहिली. "अटॅक है. पहले भी एक आ चुका है, इन्हें पता ही नहीं चला." साखर रक्तवाहिन्या आतून खराब करते, नसाही बधिर करते, म्हणून दुखणं जाणवत नाही, हे त्यांनी समजावलं. लवकर आणल्यामुळे अजून आशा होती. "शुगर कब से है?"

श्रीनाथरावांनी आधी मागे वळून पाहिलं. व्हरांड्यात त्यांच्या बँकेतले दोघे सहकारी, दुसऱ्याच कुणा पेशंटला भेटायला आलेले, उभे होते. "जी, वो... थोडी-सी..."

बायको आत मरणाशी झगडत होती आणि हा गृहस्थ ओळखीचं कोण ऐकतंय ते बघत होता. राग येतो ना? मग आपल्या घरात काय झाकून ठेवलंय, तेही एकदा बघा.

"नौ साल से," मुक्ता म्हणाली, व्हरांड्यातल्या दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "आप लिखिए, मैं सब बताती हूँ."