तहकूब सभेला बसलेल्या बाया

आमच्या गावचा विकास आराखडा दरसाल दिवाळीनंतर ठरतो, आणि दिवाळीनंतर आमची वस्ती गावात नसते. यात कुणाला कधी वावगं वाटलं नाही. निदान ज्यांना आराखडा करायचा असतो त्यांना तर मुळीच नाही.

घाटनांदूरहून आत आलं की आमचं गाव, आणि गावाच्या ओढ्यापलीकडं आमची वस्ती. आम्ही ऊसतोडीची माणसं. ट्रॅक्टर आला की म्हातारीकोतारी सोडून सगळं ट्रॉलीत भरायचं आणि उन्हाळा लागल्यावर परत यायचं. आम्ही नसताना पंचायतीत विचारतात, गावाला काय पाहिजे? ज्यांना काही पाहिजे असतं ते सगळे फडात वाकलेले असतात. मग गाव एकमुखानं सांगतं, कमान पाहिजे.

पूर्वी शाळेत हंगामी वसतिगृह चालायचं. आई-बाप तोडीला गेले की पोरं तिथं जेवायची, झोपायची, शाळा शिकायची. ते बंद पडलं. का, तर म्हणे मागणी नाही. आम्ही कोल्हापूरकडं मोळ्या बांधत होतो आणि इथं आमची मागणी संपली.

माझी सायली आठवीत आहे. गेल्या साली तिची आजी होती, तिच्यापाशी राहिली. आजी या उन्हाळ्यात वारली. म्हणजे वसतिगृह नसेल तर सायली फडात. मी स्वतः आठवीतून फडात गेले ती अजून बाहेर आलेले नाही. लग्नसुद्धा तिथंच ठरलं. पोरगी एकदा मोळी उचलायला लागली की तिला दप्तराची आठवण कुणी करून देत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

म्हणून यंदा ठरवलं, ग्रामसभेला जायचं. आता दवंडी बंद झालीय, निरोप मोबाइलच्या ग्रुपवर येतो, आणि त्या ग्रुपात आमच्या वस्तीचं कुणी नाही. आमच्यातली थोरली छबुबाई, गुडघ्यांमुळं यंदा तोडीला न येणारी, दळणाला गावात गेली होती, तिला गिरणीत कळलं. आम्ही धावतपळत पोचलो तर हॉलमध्ये सतरंजी गुंडाळत होते.

सरपंचाच्या खुर्चीत रविराजदादा बसले होते. सरपंच त्यांची बायको, राजनंदिनी. जागा बाईची म्हणून सही तिची, बाकी सगळं यांचं.

"सभा झाली का?" मी विचारलं.

"तहकूब झाली," ग्रामसेवक म्हणाले. "कोरम भरला न्हाई. आता पुढच्या मंगळवारी."

"तवा तरी भरंल का?"

"तहकूब सभेला कोरम लागतच न्हाई, बाई. चार माणसं आली तरी काम भागतंय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पहिली सभा मोडायची आणि दुसरी चहा पिता पिता उरकायची, ही दरसालची रीत होती. तहकूब सभेला कोणी येत नाही हे गावात सगळ्यांना इतकं पाठ झालं होतं, की कमानवाल्यांची माणसंही येत नसत.

"पण तुमी तर सोमवारी जाणार," दादा म्हणाले. "काय पाहिजे ते सांगून जा. आमी लिहून घिऊ."

"दरसाल सांगूनच जातो की, दादा," छबुबाई म्हणाली. "तुमी मागणी न्हाई म्हणून लिहिता."

सोमवारी ट्रॅक्टर आले. सामान चढलं, शेळ्या चढल्या, पुरुष चढले. बाया चढल्या नाहीत. आम्ही ओढ्याच्या कडेला पदर खोचून बसलो.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कारखान्यावर कोणी उभं करत नाही. हे आमच्यापेक्षा मुकादमाला जास्त कळतं. परमेश्वर मुकादम पुढच्या ट्रॅक्टरवरून खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"अगं बायांनो, उचल घेतलीय तुमी. का म्हणून बसलाव?"

"उचल फेडू. आज न्हाई, उद्या जाऊ. सभा झाल्यावर."

"कारखाना तुमच्या सभेसाठी थांबतोय व्हय?"

"मग जा तुमी. मोळ्या बांधाल ना?"

माझा नवरा राधाकिशन ट्रॉलीतून हळूच म्हणाला, "अगं, चल ना. लोक हसायलेत." मी म्हणाले, हसू द्या. खरं सांगते, त्याचा तेव्हा राग आला होता. पण थोड्या वेळानं तोही उतरला आणि शेळ्यांना पाणी पाजायला घेऊन गेला.

मंगळवारी ट्रॅक्टर वस्तीत नाही, पंचायतीसमोर उभे राहिले. त्यांच्यामागून आम्ही सगळ्याजणी हॉलमध्ये गेलो आणि सतरंजी भरून टाकली. रविराजदादांबरोबर नेहमीचे तिघं होते. चहाही तेवढ्यांचाच आला होता.

"सुरू करा," दादा ग्रामसेवकाला म्हणाले.

"सरपंच कुठं हायत?" मी विचारलं.

"घरी हाय. मी हाय ना."

"तुमी हाव, पण सरपंच न्हाई. त्यांना बोलवा, तवर आमी बसतो. आमाला काय घाई न्हाई."

घाई मुकादमाला होती. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथं तर मोटारसायकल सुरू झाली. आजवर दादांसमोर मान वर न केलेला परमेश्वर मुकादम स्वतः जाऊन राजनंदिनीताईंना मागच्या सीटवर बसवून घेऊन आला.

ताई दारात थांबल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. हॉलभर बाया बघून त्यांना काय वाटलं ते त्यांनाच माहीत. खुर्चीपाशी जाऊन त्या नुसत्या उभ्या राहिल्या. दादा मोबाइल बघत बसले.

"उठता का," ताई म्हणाल्या. "मला बसायचंय."

दादा उठले. इतक्या बायांदेखत बसून राहणं त्यांना जमलं नाही.

ताईंनी विषय विचारले. कमानीला चार हात वर झाले. वसतिगृहाला किती झाले ते ग्रामसेवकानं दोनदा मोजलं आणि मग मोजायचं सोडून दिलं. ठराव लिहिला, वाचून दाखवला, सही झाली. छबुबाईनं कडाकडा बोटं मोडून ताईंची दृष्ट काढली.

तेव्हा दादा हसले. "ठराव झाला म्हंजे वसतिगृह झालं असं वाटलं का? कागद तालुक्याला जाईल, तिथून बीडला. मंजुरी येईस्तोवर अर्धा हंगाम जातोय. तवर पोरं कुठं ठिवता?"

हे खोटं नव्हतं. बाहेर ट्रॅक्टरची घरघर ऐकू येत होती आणि सायली ट्रॉलीला टेकून माझ्याकडं बघत होती. मला इतका संताप आला की रडूच येईना.

मी बाहेर गेले. ट्रॉलीतून सायलीची वाकळ काढली, दप्तर काढलं, आणि हॉलमध्ये आणून भिंतीकडंला टाकलं. माझ्यामागं दुसरी उठली, मग सगळ्याच उठल्या.

"हे काय चालवलंय?" दादा म्हणाले. "हा पंचायतीचा हॉल हाय."

"म्हणूनच हितं टाकलं," मी म्हणाले. "मंजुरी येईस्तोवर पोरं हितं राहतील. छबुबाई भाकरी थापंल. जवारीचे दाणे आमचे हायत, ट्रॉलीतले उतरवतो."

"हाकलून देईन मी."

"द्या की. पोरांना हाकललं म्हणून बीडला जाऊन सांगू. त्याला कोरम लागत न्हाई."

दादांनी ताईंकडं बघितलं. ताई ग्रामसेवकाला म्हणाल्या, "सभा संपली न्हाई अजून. हे पण लिहा. मंजुरी येईस्तोवर पोरं हितं राहतील, अन् मी रोज येऊन बघून जाईन."

आम्ही दाणे उतरवले आणि ट्रॉलीत चढलो. मुकादम शिव्या देत होता, पण हळू आवाजात. ट्रॅक्टर हलला तशी मी रडायला लागले, आणि राधाकिशनही रडला. मंजुरी येईल की नाही, दादा काय करतील, छबुबाईचे गुडघे किती दिवस साथ देतील, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. सायली पंचायतीच्या पायरीवर उभी होती. ती ट्रॉलीत नव्हती.