बिनफेसाचं औषध

दक्षाताईच्या साबणाला फेस येत नव्हता, आणि डहाणूजवळच्या मसोलीतल्या फुग्यांच्या कारखान्यातल्या बायकांना हसायला तेवढं पुरेसं होतं.

तसा तो साबण नव्हताच. दक्षा मुंबईला केमिकल इंजिनीअरिंग शिकत होती आणि ते पातळ, पिवळसर पाणी तिने तिथल्या प्रयोगशाळेत बनवलं होतं. बाटलीत बघितलं तर लिंबाचं सरबत वाटावं. बायकांनी त्याचं नाव 'औषध' ठेवून टाकलं. दक्षाची धाकटी बहीण निलम, दहावीतली, दिवाळीच्या सुट्टीत मदतनीस म्हणून हजर होती. मदतनीस म्हणजे ताईच्या बाटल्या धरायच्या, आणि जो विचारेल त्याला, न विचारेल त्यालाही, सगळं समजावून सांगायचं.

"तेल नि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत ना, मावशी? हे औषध मधे पडतं. एका हाताने तेल धरतं, एका हाताने पाणी, आणि दोघांना घेऊन बाहेर निघतं."

"आमच्या पाड्यावरच्या लडक्यासारखं," बारकीमावशी म्हणाली. "भांडण सोडवायला जातो, नि दोन्हीकडची ताडी पिऊन येतो."

"पण लडक्या ताडीचा फेस तरी आणतो मिशीला," दुसरी कुणीतरी म्हणाली, आणि पुन्हा सगळ्या हसल्या. त्यांच्यात एकच बाई हसत नव्हती. ती हिरी, दक्षा-निलमची आई.

हिरी त्याच कारखान्यात साचे धुवायला होती. तलासरीच्या पाड्यावरून रोज जीपने यायची. फुग्याचे काचेचे साचे फळीवर ओळीने बसवलेले असतात. ते आधी क्षाराच्या पाण्यात बुडवायचे, मग रबराच्या दुधात. क्षारामुळे दूध साच्याला धरतं, वाळतं, आणि फुगा सोलून निघतो. मागे साच्यावर चिकट थर राहतो. तो काढायला निळी पावडर, ब्रश आणि पाण्यावर पाणी. ते सगळं फेसाळ पाणी मागच्या गटारातून खाडीच्या दिशेने जायचं. दक्षाचं म्हणणं एवढंच होतं, की झाकणभर औषधात हेच साचे एका पाण्यात निघतील.

हे खरं करून दाखवायला तिला चालू कारखाना हवा होता. तलासरीपासून डहाणूपर्यंत तिने उंबरे झिजवले, पण दार उघडलं ते आईच्या शेठनेच, तेही एका लाईनीपुरतं. ही लाईन बिघडली तर प्रबंधात लिहायला काही उरणार नव्हतं.

आणि ती बिघडली. पहिल्या दिवशी फुगे छान निघाले होते. दुसऱ्या दिवशी शेठने एक फुगा उजेडात ताणला, त्याला बारीक बारीक भोकं.

"बेन, हा फुगा आहे की चाळणी?" शेठ म्हणाला. तो चिडला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "उद्याचा एक लॉट बघू. नाही जमलं तर आपली जुनी पावडर बरी."

परतीच्या जीपमध्ये दक्षा बाहेर बघत बसली. निलमने तिला हसवायचे दोन प्रयत्न केले, तिसरा गिळून टाकला. आई मांडीवरची पिशवी उगाच घट्ट धरून होती.

सकाळी काम सुरू व्हायच्या आधीच निलम टबापाशी गेली, आणि थबकली. टबाच्या कडेला फेस होता. अगदी थोडा, झालरीसारखा. औषधाला तर फेस येत नाही. त्यावरून दोन दिवस किती ऐकून घेतलं होतं. तिने बोट बुडवून हुंगलं. निळी पावडर.

टबाच्या पलीकडे हिरी उकिडवी बसली होती आणि कधी नव्हे ती निलमकडे बघत नव्हती.

"आये, काय टाकलंस?"

"मूठभर. जास्त नाय."

"काल पण?"

"काल पण." हिरीने ब्रश खाली ठेवला. "बाया हसत होत्या तिला. एवढी शिकली नि साबणाला फेस नाय म्हणं. म्हटलं, फेसच पाहिजे ना तुम्हाला? घ्या."

निलमला हसू आलं आणि डोळ्यांतही काहीतरी आलं, दोन्ही एकदम. "ताईला तू सांगतेस का मी सांगू?"

"तूच सांग. तुला सांगायची लय हौस."

निलम ताईला शोधायला उठली. पण गरज पडली नाही. दक्षा मागे बाटली घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि ती खाली बसून इतकी हसली की बारकीमावशी बघायला आली.

"अगं आई, माझं औषध एका पाण्यात निघतं. पावडरीला पाण्यावर पाणी लागतं. ती साच्यावरच राहिली, क्षाराच्या पाण्यात तिचा चोथा झाला. जिथे चोथा, तिथे दूध धरलं नाही. तिथे भोक."

हिरीचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, "पण मला सांग, फेस गेला की आम्ही समजतो साचा धुतला. तुझ्यात फेसच नाय. मग थांबायचं कुठं?"

दक्षाने दोन साचे पाण्यातून काढून उभे धरले. एकावर पाण्याचे थेंब थेंब झाले. दुसऱ्यावरून पाणी अखंड, पातळ, वरपासून खालपर्यंत पसरलं. "हा पहिला अजून मळका. हा दुसरा झाला."

"म्हणजे ह्याला घाम फुटलाय," निलम म्हणाली, "आणि ह्याने पदर घेतलाय."

"डोक्यावरून की खांद्यावरून?" बारकीमावशीने विचारलं.

"डोक्यावरून. नीट, सासूसमोर घेतात तसा."

नवं पाणी भरलं. दुपारपर्यंत लाईनीवर एकच बोली चालू होती. "ह्याचा घाम गेला नाय अजून." "ह्याने घेतला पदर, ने पुढे." कुणी वर बघत नव्हतं, सगळ्यांच्या नजरा साच्यांवर होत्या.

संध्याकाळी शेठने ढिगातून वेगवेगळ्या जागचे फुगे उचलले, ताणले, उजेडात धरले. मग एक तोंडाला लावून गाल लाल होईस्तोवर फुगवला आणि कानाशी धरून हवा जाते का ऐकत राहिला. निलमने दक्षाचा हात धरून ठेवला होता.

"चालेल," शेठ म्हणाला. "बाजूची लाईन पण घ्या. पण त्या बायांना शिकवणार कोण?"

दक्षा तोंड उघडणार तोच हिरी उठली, साडी वर खोचली आणि बाजूच्या लाईनीच्या टबापाशी जाऊन बसली. तिथल्या बायका सरकून जवळ आल्या.

"दक्षा, आण ती बाटली," ती मान न वळवता म्हणाली. "आणि झाकणभरच ओत. हात सैल आहे तुझा."