निंबाखालची अर्धी जागा

मी एक जुना दगड आहे. धुळ्यातल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध जे निंबाचे झाड आहे, त्याच्या सावलीत मी असतो. मित्रांनो, शाळेत जाताना तुम्ही माझ्यावर दप्तर टेकवता आणि बुटाची नाडी बांधता, तेव्हा आपली ओळख आहेच. पण माझ्यावर पूर्वी कोण बसत असे, हे तुम्हांला ठाऊक नाही. ते सांगावे असे फार दिवस मनात आहे.

माझा जन्म लळिंगच्या बाजूच्या एका खाणीतला. जीवराम नावाच्या पाथरवटाने मला आठ दिवस घडवले. काम संपत आले आणि त्याची टाकी निसटली. माझ्या एका टोकाला दोऱ्याचे रीळ मावेल एवढा खळगा पडला. जीवरामने कपाळाला हात लावला, कारण मी रुपचंद नानांच्या नव्या ओट्याच्या काठाला बसायचा होतो आणि नाना मोठे चोखंदळ होते. ते जिनिंग कारखान्यात तोलाईचे काम करीत. माल पारखायची सवय त्यांना घरीही सुटत नसे. त्यांनी मला चारही बाजूंनी पाहिले, खळग्यात बोट घालून पाहिले आणि नाक मुरडून का होईना, मला ठेवून घेतले.

त्या खळग्याचे चीज केले ते अकबरीने. समोरच्या बाजूला गफूर पिंजाऱ्याचे घर होते. अकबरी ही त्याची बायको. दुपारी चार वाजले की ती रस्ता ओलांडून शिवायला घेतलेली गोधडी काखेत मारून यायची आणि रुपचंद नानांच्या बायकोशेजारी, वच्छलाबाईंशेजारी, माझ्यावर बसायची. खळग्याकडची अर्धी जागा अकबरीची, उरलेली वच्छलाबाईंची. अकबरी रीळ खळग्यात ठेवी, म्हणजे ते घरंगळत नसे. बसल्या बसल्या पहिला प्रश्न ठरलेला, "जेवनी का वं?" चार वाजेपर्यंत कोण उपाशी राहते? पण तो प्रश्न झाल्याशिवाय त्यांच्या गप्पांना तोंड फुटत नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वच्छलाबाईंकडचे मांडे समोर जात, ईदेला तिकडचा शीरखुर्मा इकडे येई. माझे ते दिवस सोन्याचे होते, हे मला तेव्हा कळले नाही.

मग एकदा साखळी आणि फीत घेऊन तोताराम नावाचे मोजणीदार आले. एक्याऐंशी सालची गोष्ट. गल्लीत कुजबुज झाली की ओटा घरात धरला तर घरपट्टी वाढणार. खरे म्हणजे ती मोजणी घरपट्टीची नव्हतीच, शहराच्या आराखड्याची होती. पण विचारतो कोण?

"नाना, हा ओटा तुमचाच ना?" तोतारामांनी विचारले.

"मन्हा कसाना? रस्ताना शे," नाना म्हणाले. "आम्हनं घर दारपाइन सुरू व्हस."

हे बोलताना नाना माझ्यावरच बसले होते आणि पाय खाली सोडून हलवत होते. तोतारामांनी ते जसेच्या तसे लिहून घेतले आणि खाली सही घेतली. पुढच्या घरीही तेच झाले, त्याच्या पुढच्या घरीही तेच. आपण सरकारला गंडवले या आनंदात गल्लीने त्या संध्याकाळी भजी तळली. मला मात्र वाईट वाटले. ज्याने मला पारखून घेतले, त्यानेच मला परके म्हटले होते.

त्याच सुमारास रस्त्यावर मालाची गोदामे वाढू लागली. कापसाच्या गाठींचे ट्रक दिवसभर उभे राहत, मागे-पुढे होत. चालणाऱ्याने चालावे कुठे आणि सायकलवाल्याने जावे कुठे, हे कोणी बघत नव्हते. चौऱ्याऐंशी साली चार वाजता अकबरी नेहमीसारखी यायला निघाली. मागे येणाऱ्या एका ट्रकचा धक्का लागून ती पडली. गोधडी चाकाखाली गेली. अकबरी वाचली, पण तिचे खुब्याचे हाड मोडले. मी वीस पावलांवर होतो आणि जागचा हलू शकत नव्हतो.

पुढे ती काठी घेऊन घरात हिंडू लागली, पण तिच्या मुलाने, चांदने, रस्ता ओलांडायचा नाही अशी शपथच घातली. इकडे वच्छलाबाईंचे गुडघे गेले. त्यांना ना जमिनीवर बसता येई, ना ट्रक चुकवता येत. मग चार वाजता दोघी आपापल्या ओट्यावर बसू लागल्या. मध्ये चाळीस पावलांचा रस्ता. एक ट्रक पुढे सरकला की दोघी एकमेकींना दिसत. तेवढ्यात हात वर करायचा. दुसरा ट्रक आड आला की खाली घ्यायचा. काय विचारले हे हाताच्या इशाऱ्यावरून कळे, पण ऐकू येत नसे. सणाचे ताट नाना डोक्यावर धरून, ट्रकवाल्यांना शिव्या घालत नेत. माझी अर्धी जागा मात्र रिकामीच राहिली. नऊ वर्षे ती उन्हात तापली आणि थंडीत गारठली. तिथे दुसरे कोणी बसू लागले की वच्छलाबाई आपली काठी आडवी ठेवीत.

अठ्ठ्याऐंशी साली आराखड्याची नोटीस लागली. मोठी गोदामे गावाबाहेर जाणार होती. हा भाग फक्त राहण्यासाठी ठेवायचा होता. रस्त्याला दोन्ही बाजूंनी फूटपाथ, त्याला लागून सायकलींची वेगळी पट्टी, आणि मध्ये निंबाभोवती उंचवटा, म्हणजे ओलांडणाऱ्याला अर्ध्यात दम खाता येईल. वच्छलाबाईंनी ते नानांकडून दोनदा वाचून घेतले. ट्रक जाणार म्हणून त्यांचा चेहरा उजळला होता. मग नानांनी शेवटची ओळ वाचली. फूटपाथसाठी सगळे ओटे निघणार होते.

"ओटा गया ते मी बसू कोठे?" त्या म्हणाल्या. "आनि हाई बठ्ठं व्हवाले किती वरीस लागतीन? तवलोंग अकबरीले मी दिसू कशी?"

गल्लीने मिळून हरकत घेतली. वच्छलाबाईंनीही तिच्यावर अंगठा उठवला. सुनावणीला मी अर्थातच नव्हतो, पण त्या संध्याकाळी ओट्यावर दुसरा विषयच नव्हता. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी म्हणे शांतपणे एक जुना कागद काढला आणि वाचला. ओटा रस्त्याचा आहे, घर दारापासून सुरू होते. खाली सही, रुपचंद. मग दुसरा कागद, तिसरा कागद. सगळी गल्ली आपापल्या सहीकडे बघत उभी राहिली. हरकत तिथेच निकालात निघाली. वच्छलाबाई नानांवर ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन दिवस भाकरी नुसती पुढे सरकवली, आणि नानांना ते ओरडण्यापेक्षा जड गेले.

कामाला हात लागायला त्र्याण्णव साल उजाडले. तोताराम लाल रंगाचा डबा घेऊन खुणा करायला आले. आता त्यांचेही केस पिकले होते. नाना त्यांची वाटच बघत होते.

"साहेब, मी लिखी दिधं व्हतं, ओटा रस्ताना शे. खरं का?"

"हो नाना. सही आहे तुमची."

"मंग हाऊ काठना दगडबी रस्ताना शे. मी तो घरमा लेवाव नही आनि तुम्ही तो फेकाना नही. रस्तानी वस्तू रस्तावरच राहू द्या."

"कुठे ठेवू?"

"तठे." नानांनी निंबाकडे बोट केले. "अर्धा रस्तावर. दोन्ही म्हाताऱ्यांले वीस-वीस पावलं पडतीन."

तोताराम नानांकडे बघतच राहिले. मग हसले आणि वहीत काहीतरी लिहिले.

पहारीने ओटा फुटला. दोन महिने मी विटामातीच्या ढिगात उताणा पडून होतो. एका बाईने तर मला धुणे धुवायला मागितले. त्या दोन महिन्यांत वच्छलाबाई चार वाजता दार धरून उभ्या राहत. गुडघे कापू लागले की आत जात. मला वाटे, नानांचे बोलणे साहेब विसरले असावेत. पण तोताराम शब्दाचे पक्के निघाले. त्यांनी चार मजूर आणले, नाना आणि गफूर मध्ये लुडबुड करायला होतेच, आणि मला निंबाखाली दोन दगडांवर बसवले.

चार वाजता वच्छलाबाई निघाल्या. सायकलींच्या पट्टीवरून शाळेच्या मुली येत होत्या. त्या पाय टेकून थांबल्या. पलीकडून चांदचा हात धरून अकबरी निघाली. वीस पावले इकडून, वीस पावले तिकडून. दोघी माझ्यावर बसल्या, जिची जागा तिला. नऊ वर्षांचे बोलायचे होते, सुरुवात कुठून करणार?

"जेवनी का वं?" अकबरीने विचारले.

"जेवनी. तू?"

"मीबी."

वच्छलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मित्रांनो, मी दगड आहे, पण त्या दिवशी मला माझे दगड असणे कळत नव्हते.

अशी पाच वर्षे गेली. मागच्या थंडीत अकबरी गेली. सकाळी चांदने येऊन सांगितले, आणि वच्छलाबाई तिला बघून आल्या. दुपारी चार वाजता त्या इथे आल्या आणि आपल्याच अर्ध्या जागेवर बसल्या. अजूनही तशाच बसतात. खळग्यात निंबाचा पाला पडलेला असतो, तो बोटाने काढतात.

हल्ली सायकलींच्या पट्टीवर मोटारसायकली लागतात. फूटपाथवर कांद्याच्या गोण्या येऊन पडतात. परवा वच्छलाबाईंना वाट मिळाली नाही. त्या फूटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या, निंबाकडे बघितले आणि माघारी गेल्या. त्यांच्यासाठी ही वीस पावले मिळवायला एवढी वर्षे लागली आहेत. तेवढी मोकळी ठेवा. आपल्या वडिलांना, काकांना सांगा, गाडी पुढे लावा म्हणून. ते तुमचे ऐकतील.

आणखी एक सांगतो. त्या उठायच्या आधी शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून हळूच विचारतात, "जेवनी का वं?" मला उत्तर देता येत नाही, मित्रांनो. तुम्हांला येते. तिथून जात असाल, तर सायकलवरून उतरा आणि त्यांना सांगा.