खारवाड्याची लोकसंख्या

खारवाड्याचा भूगोल मला आजही तोंडपाठ आहे. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाडी, उत्तरेला नदी, आणि नदी खाडीला मिळते त्या बेचक्यात गाव. जमीन खारी, पीक भाताचं, धंदा मासळीचा आणि मिठागराचा. लोकसंख्या दोनशे अठरा. हा आकडा मीच सरकारला कळवला आणि तो खोटा आहे. खरा दोनशे एकोणीस. एका माणसाने काय बिघडतं म्हणाल, तर त्या माणसाचं नाव बयाबाई.

एक्क्याऐंशीच्या जनगणनेला मी तिथल्या शाळेत एकटाच मास्तर होतो. माणूस मी साताऱ्याकडचा, त्यामुळे चिखलाचा आणि सुकटीच्या वासाचा मनापासून तिटकारा. तुर्भ्याला कारखाने निघाले होते, बेलापूरला कचेऱ्या उठत होत्या, आणि मला मात्र भरतीला गुडघाभर पाणी चढणारी पायवाट. सरकारने हातात तक्ते दिले. घरोघर जा, उंबऱ्याशी उभं राहून माणसं विचारा, दारावर नंबर टाका, गावाचा नजरनकाशा काढा. मी देवजी पाटलाच्या ओसरीवर बसलो आणि चहा मागवला.

देवजी गावचा पुढारी. त्याच्याकडे बांधाची यादी होती. भरतीचं पाणी शेतात घुसू नये म्हणून नदीकाठाने मातीचा बांध घातलेला, आणि तो फुटला की दर घराने एक गडी द्यायचा, हा गावाचा जुना नियम. कोणत्या घरातून कोण येतो ते देवजीने वहीत उतरवलेलं. एक्केचाळीस घरं. मी वही समोर धरली, देवजी घराघरातली माणसं तोंडी सांगत गेला, आणि दोन दुपारींत मी देशकार्य उरकलं. नंबर टाकायला तेवढा गावातून फिरलो, तोही वही बघून. नदीकडच्या टोकाला गेलोच नाही.

बयाबाई त्या टोकाला राहायची आणि त्या वहीत नव्हती. नवरा होडीसकट बुडालेला, मूलबाळ नाही. घरात गडीच नाही तर बांधावर कोण येणार? विधवेला गावाने या नियमातून सूट दिली होती, इतकंच. चांगुलपणाने दिली होती. मी त्या चांगुलपणाची वजाबाकी केली आणि तक्ते तालुक्याला पाठवून दिले.

आठवड्याने ती शाळेच्या दारात उभी.

"गुरुजी, सगल्यांच्या दारावर नंबर हाय. माज्याच नाय."

"राहिला असेल."

"नवीन शहर व्हतंय म्हनतात. गाव उठला तं नंबरवाल्यालाच जागा भेटंल, देवजीदादा बोलला. माजा नाव घाला, गुरुजी. मना दुसरा काय बी नाय."

एवढंच हवं होतं तिला. मी तालुक्याला जाऊन 'एक घर राहिलं' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण कसं राहिलं, असं साहेबाने विचारलं असतं आणि ओसरीवरची जनगणना उघडी पडली असती. माझी नेरूळला बदली व्हायच्या बेतात होती. मी म्हणालो, "बघतो."

बाई चिवट निघाली. मिठागराच्या मुकादमाकडून तिने अर्ज लिहून घेतला, अंगठा उठवला आणि कचेरीत नेऊन दिला. साहेबाचा निरोप आला : गुरुवारी तपासणीला येतो. माझी पाचावर धारण बसली. देवजीचीही, कारण माणसं त्यानेच सांगितली होती.

"तिचा घर नाय, गोठा हाय म्हना," तो म्हणाला. "माजी म्हस बांदू एक दिस."

मला ते पटलं. किती चटकन पटलं याची आज लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, उलट सुटल्यासारखं झालं.

बुधवारी मी तिच्याकडे गेलो. पहिल्यांदाच. कुडाची एक खोली, भिंतींना चुना, कोनाड्यात एकवीरेची तसबीर. दारापासून दहा पावलांवर नदी.

"बयाबाई, उद्या साहेब तुमच्या नावाचं बघायला येताहेत. घराचं माप घेणार. सामान देवजीकडे ठेवा आणि तुम्ही एक दिवस तुर्भ्याला बहिणीकडे जाऊन या. घर मोकळं असलं की काम लवकर होतं."

"मी नको थांबू?"

"मी आहे ना."

तिने हात जोडले. भांडी, गोधड्या, तसबीर, सगळं तिने डोक्यावरून देवजीकडे पोचवलं. फक्त मातीची चूल जागची हलेना. मग साहेबाच्या पायाला धूळ लागायला नको म्हणून तिने अख्खी जमीन सारवली आणि गेली.

साहेब आले ते नाकाला रुमाल लावूनच. आत म्हैस, खाली शेण. चुलीवर मी पेंढ्याचा भारा टाकून ठेवला होता. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "गोठ्याला चुना?"

"पाटलांची हौस," मी म्हणालो.

साहेब हसले. नजरनकाशावर मी तिथे एक चौकोन काढला, आत 'गोठा' लिहिलं, खाली सही केली. त्यांनीही केली.

संध्याकाळी बयाबाई परतली. तोवर देवजीने म्हैस नेली होती, शेण राहिलं होतं. कुणाची तरी म्हैस शिरली असेल म्हणत तिने ते उपसलं आणि पुन्हा सारवलं. नंतर माझ्याकडे आली. बहिणीकडून माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीचं कालवण आणलं होतं.

"लिवलाव, गुरुजी?"

"लिहिलं."

ती गेल्यावर मी जेवलो. कालवण चांगलं झालं होतं.

चार वर्षांनी खारवाडे उठलं. मी नेरूळला रुळलो होतो. जागांची यादी वाचायची म्हणून मंडप घातला होता, आणि घरं ओळखायला जनगणनेचा मास्तर म्हणून मला टेबलाशी बसवलं. एक्केचाळीस नावं झाली. नव्या शहराच्या कचेरीतल्या साहेबाने कागद मिटले तशी बयाबाई पुढे आली. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"साहेब, माजा नाव ऱ्हायला. या गुरुजींना विचारा. त्यांनी सोताच्या हातानं लिवलाय."

साहेबाने नकाशा उघडला. "नदीकडच्या टोकाला गोठा दिसतोय. मास्तर, ही बाई तिथे राहत होती?"

देवजी दुसरीकडे बघत होता. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. पण चौकोनाखाली माझी सही होती.

"तिथे गोठाच होता, साहेब," मी म्हणालो. "या बाई आठवत नाहीत."

आता ती शिव्या घालणार, मला वाटलं. खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या. गावातल्या बायका माझ्या अंगावर ओरडत आल्याच, पण बयाबाई त्यांच्या आडवी झाली.

"त्यांना नका बोलू! किती पोरांना शिकवतात, इसरला असंल मानूस. दुसरा कागद असंल त्यांच्याजवल." मग माझ्याकडे वळली. "शोदा गुरुजी, मी बसतंय."

आणि ती मंडपाच्या खांबाशी खाली बसली. मी कागद उलटेपालटे करत राहिलो. त्यात काही नाही हे मला ठाऊक होतं. वर बघितलं की ती मान हलवून सांगायची, सावकाश बघा.