एकशेवीस युनिटांचा चमत्कार

सकाळी नऊलाच मीटररूमच्या दारात ही गर्दी! सात मजल्यांवरची माणसं कामं टाकून खाली उतरली होती आणि टाचा उंचावून भिंतीवरच्या निळ्या पेटीकडे बघत होती. पेटीत एक दिवा लुकलुकत होता. शेजारी पांढऱ्या सुटातले ऊर्जागुरू डोळे मिटून उभे होते.

"बाळांनो, वायरीतून वीज वाहते तशी दुःखंही वाहतात. तुमच्या रागाने एसी तापतो, मत्सराने लिफ्ट जड होते. ही पेटी ते सगळं गाळून घेते. वायरमन, काल किती युनिट वाचले?"

वायरमन म्हणजे मी. रजिस्टर उघडून वाचलं, "एकशेवीस."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हिशेब खात्यातल्या बाईंनी डोळे पुसले. मालकांनी वाकून पेटीला नमस्कार केला. मत्सराने लिफ्ट जड होते म्हणे! लिफ्टची बेअरिंगं गेली होती आणि मी तीनदा अर्ज दिला होता. पण मीटर मी स्वतः वाचत होतो, आकडा खरंच उतरला होता, त्यामुळे मी तोच लिहून ठेवत होतो.

पेटी बसवताना गुरूंनी आम्हा सगळ्यांना तासभर बाहेर काढलं होतं. मग तळघराच्या पंख्यांच्या पॅनेलला तांब्याच्या तारेचं सील ठोकलं. "उघडाल तर ऊर्जा फुटेल!" मॅनेजरांनी मला बजावलं, "हात लावलास तर नोकरी गेली समज." मी हात लावला नाही. रोज चार पॅनेलं उघडणारा माणूस मी, तारेच्या एका वेढ्याला भ्यालो.

तळघरात पार्किंग होतं. तिथल्या काचेच्या केबिनमध्ये माझी ताई पावत्या फाडायची. तिने शब्द टाकला म्हणून तर मी इथे चिकटलो होतो. पेटी आल्यापासून तिचं डोकं ठणकायचं, मळमळायचं.

"घरी गेलं की बरं वाटतं रे," ती म्हणायची. "सुट्टीच्या दिवशी तर काहीच होत नाही."

मॅनेजर तिला गुरूंकडे घेऊन गेले. गुरू गोड हसले. "पोरी, जुनं साचलेलं बाहेर पडतंय. पहिली शुद्धी तुझीच. भाग्यवान आहेस!" ताई बिचारी खूश होऊन परत खाली गेली. मी ऐकलं आणि आपल्या कामाला लागलो.

मालकांना गुरूंकडून तशाच पेट्या विकत घेऊन बाकीच्या इमारतींत लावायच्या होत्या. प्रमाणपत्रासाठी त्यांनी वीज-ऑडिट करणाऱ्या मॅडमना बोलावलं. बुटकी, सतत घाईत असलेली बाई. पेटीकडे ढुंकूनही न बघता तिने माझं रजिस्टर मागितलं.

"रोज एकशेवीस? रविवारीही? ऑफिसं बंद असताना राग आणि मत्सर कुठून आला?"

मी मागची पानं उलटून बघितली. सगळीकडे तोच आकडा.

"सुट्टी असो नसो, रोज चालणारं इथे काय आहे?"

"तळघराची हवा ओढणारे पंखे. गच्चीवर आहेत. पाच किलोवॅटचे दोन, बारा तास."

"मग कर की गुणाकार."

पाच दुणे दहा, बारा दाहे एकशेवीस. मी घाईघाईने म्हणालो, "पण मॅडम, पंखे चालू आहेत. पॅनेलवरचा हिरवा दिवा बघून मी रोज टिक करतो."

"दिवा बघतोस? पंखा कोण बघतं?"

कोणीच नाही. गच्चीची किल्ली मॅनेजरांकडे मागावी लागे, म्हणून वर्षानुवर्षं दिव्यावरच भागत होतं.

तळघरात मॅडमनी हवेच्या जाळीपुढे कागदाची पट्टी धरली. ओढ असती तर ती जाळीला चिकटली असती. पट्टी सरळ खाली लोंबत राहिली. समोर गाड्यांची रांग इंजिनं चालू ठेवून उभी होती. पावती फाडायला केबिनमध्ये कोणी उठत नव्हतं.

मी धावलो. ताई टेबलावर डोकं टेकून पडली होती. हाका मारल्या, गदागदा हलवलं. मग तिला खांद्यावर टाकून रॅम्पवरून वर उघड्यावर आणलं.

तिला दवाखान्यात पोचवून मी परत आलो आणि सगळ्यांसमोर पक्कडीने ते सील तोडलं. काही फुटलं नाही. पंख्यांना जाणारी वायर कापलेली होती. हिरव्या दिव्याला मात्र दुसरीकडून वीज जोडली होती. निळी पेटी फोडली तर आत एक बल्ब आणि वजनासाठी ओतलेलं सिमेंट. गुरू तोवर पसार झाले होते.

"पण आकडा तर खरा होता ना?" हिशेबवाल्या बाई पुटपुटल्या.

"अगदी खरा," मॅडम म्हणाल्या. "तळघराला श्वास द्यायला तेवढीच वीज लागते."

इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. आठवडेच्या आठवडे ताई तोच ओढत होती. ती जगली. मला बघून हसते, पण माझं नाव तिला सापडत नाही. शोधता शोधता रडायला लागते.

गुरू सापडला का, असं लोक मला विचारतात. तो सापडेल, न सापडेल. त्याला आत घेणारे आम्ही होतो, आणि रोज टिक करणारा मी होतो. तुमच्या इमारतीचं बिल अचानक उतरलं तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, काय बंद झालं? ते कशासाठी चालू होतं? आणि खाली जाऊन बघा, तिथे कोण बसतं.