घंटावाल्याचा वाटा

चर्चमध्ये रविवारच्या मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या, शेवटी फादर आशीर्वादासाठी हात उचलत, तेव्हा घंटावाला वर मनोऱ्यात दोर ओढत असे. त्याची बायको खाली आशीर्वाद घेऊन मग बाहेर पायऱ्यांवर थांबायची. तो धापा टाकत उतरला की त्याच्या कपाळावर तळवा टेकवायची.

"हा घ्या आशीर्वादातला तुमचा अर्धा वाटा. जन्म गेला माझा तुमची पार्सलं वाहण्यात!"

"आशीर्वाद देवाचा, बाई. आपण सगळेच हमाल," फादर हसायचे.

मग ती गेली. तिच्यासाठीही घंटा त्यानेच वाजवली.

पुढच्या रविवारी फादर म्हणाले, "आज घंटा राहू दे. बाकावर बसा."

"आशीर्वाद मनोऱ्यातही पोहोचतो, असं तुम्हीच सांगता ना?"

"पोहोचतो हो. पण तुम्हाला हाताची सवय आहे."

तो बसला, तिच्या जागेपासून थोडा सरकून. सगळ्यांना आशीर्वाद देऊन झाल्यावर फादर वेदीवरून खाली उतरले आणि त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. हात मऊ होता. तिच्यासारखा खरखरीत नव्हता.

"फादर, हा तर सगळाच मला आला," तो पुटपुटला. "तिचा अर्धा कुठे ठेवू?"

फादरांनी हात काढला नाही.